दहा गुंठ्यांतला कुट्टू

आमच्या रानात काय पेरायचं हे वीस वर्षं मी सोडून सगळ्यांनी ठरवलं. थोरल्या दिरांनी ठरवलं, बियाणाच्या दुकानदारानं ठरवलं, एका वर्षी तर दिरांच्या मेव्हण्यानं ठरवलं, आणि तो माणूस एसटीत कंडक्टर! मी मात्र त्यांनी पेरलेलं खुरपायचं, खुरपलेलं काढायचं आणि काढलेलं पाखडायचं. आमचे मालक किल्लारी-लातूर जीप चालवतात. त्यांना ढेकळापेक्षा टायर जास्त कळतं. त्यामुळे आमच्या वाटणीची जमीनसुद्धा दिरांच्याच शब्दावर चालायची. मालकांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं. लई वाटायचं.

माझं माहेर उमरीचं, नांदेडकडचं. तिथला माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. दोन वर्षं तो उत्तरेला डोंगरात होता. दिवाळीला सुट्टीवर आला तो ट्रंकेत चार किलो बी घेऊनच. काळपट, तपकिरी, तीन कोनांचा दाणा. हातात घेतला तर टोचला.

"अक्का, ह्याला कुट्टू म्हणतात," भाऊ म्हणाला. "तिकडं उपासाला ह्याच्याच पुऱ्या खातात. थंडीत येतंय, पाणी कमी लागतंय, तीन महिन्यात हातात. तुझं रान काळं हाय, बघ टाकून."

माझं रान! भावाला वाटत होतं बहिणीचं रान आहे. मला हसावं की रडावं कळेना. पण ते बी मी पदराला बांधल्यासारखं जपून सासरी आणलं.

आणि आले तेव्हा घरात काय चाललंय? तर रस्त्याकडच्या दहा गुंठ्यांत पाइप टाकायचं. ती दहा गुंठ्यांची पट्टी आमच्या वाटणीची, चांगली कसदार. दिरांच्या मनात तिथं ऊस होता. कारखाना जवळ, ऊस काय, लावला की तोडेपर्यंत फार डोकं लावायला नको.

थोरले दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत. आमच्यात तशी रीत आहे. काही सांगायचं असलं की ते आत्याबाईंकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं बघून बोलतात. मीही पदर सारखा करून आत्याबाईंकडं बघूनच उत्तर देते. भांडणसुद्धा असंच. आत्याबाई मधे बसून सुपारी कातरत असतात आणि शब्द त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडं जातात.

"आत्याबाई," मी म्हणाले, "त्या पट्टीत ऊस नको. मी कुट्टू पेरणार हाय."

"आई, तिला म्हणावं, फुलझाडाची हौस आसली तर कुंडीत लाव," दीर म्हणाले.

"आत्याबाई, त्यांना म्हणावं, ते फुलझाड न्हाई, उपासाचं पीक हाय. दर शिवरातीला आपण भगर आन राजगिरा दुकानातनं आणतो. आपल्या रानात पिकलं तर काय बिघडलं?"

उपासाचं म्हटल्यावर आत्याबाईंचा अडकित्ता थांबला. त्यांचा उपास म्हणजे गावात दाखला द्यायची गोष्ट. एकदा लग्नघरी बटाट्याचे वेफर्स खाल्ले आणि मागून कळलं की ते भज्याच्या तेलात तळलेत, तर बाईनं दुसऱ्या दिवशी सगळा उपास नव्यानं केला, निव्वळ पाण्यावर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दिरांकडं.

"शिवरातीपस्तोर पट्टी तिची," त्या म्हणाल्या. "मी उपासाला खाईन आसं कायतरी त्यातनं निघालं, तर पुढं काय पेरायचं ते तिनंच बघायचं, कुणी मधी पडायचं न्हाई. न्हाई निघालं, तर पाइप."

आता बोला! परीक्षा घेणारी कोण, तर आत्याबाई. मालक आत येऊन हळूच म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण केलंस." मी म्हणाले, "तुम्ही तुमचं टायर बघा."

पेरणीला दिरांची देवणी बैलजोडी मागितली. उत्तर आलं, बैल दमलेत. दमलेत? चार दिवस गोठ्यात बसून रवंथ करत होते! मी काही बोलले नाही, म्हणजे खूप बोलले, पण घरात. मग मालकांनी एक दिवस जीप बंद ठेवली. ते दोरी धरून उभे राहिले आणि मी खुरप्यानं रेघा ओढून हातानं बी टाकलं. दुपारपर्यंत त्यांचं तोंड टोमॅटोसारखं झालं होतं. तरी "उद्या भाडं हाय" असं एकदाही म्हणाले नाहीत, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

चौथ्या-पाचव्या दिवशी बी उगवून आलं. लाल देठ, बदामासारखं पान. आणि महिनाभरात, ऐन थंडीत, पांढरी फुलं. ते मला नीट सांगता येणार नाही. आजूबाजूला सगळीकडं हरभरा आणि ज्वारी, आणि मधे ही एकच पट्टी दुधानं धुतल्यासारखी. सकाळी ऊन आलं की मधमाश्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. मालकांच्या जीपमधली माणसं उतरून फोटो काढायला लागली. एक पोरगा तर आपल्या होणाऱ्या बायकोला घेऊन आला, प्री-वेडिंगचं शूटिंग करायचंय म्हणे. मी खुरपं दाखवलं, तसे दोघं पळाले. नंतर वाटलं, काढू द्यायचे होते दोन फोटो. पण माझ्या नाकावर राग आधी येतो आणि अक्कल मागून.

गावात नाव पडलं, उमरीवालीची बाग. दीर पारावर म्हणाले म्हणे, "आमच्याकडं औंदा फुलं पिकलीत, हार करून विकू." मी ऐकलं आणि गिळलं. फुलाचं दाणं झालं की बघू, म्हटलं.

दाणं झालं! खालचे काळे पडत आले तरी शेंड्याला अजून फुलंच. हरभऱ्यासारखं सगळं वाळायची वाट बघितली असती तर खालचे दाणे गळून मातीत गेले असते. भावानं फोनवर बजावून ठेवलं होतं, म्हणून पहाटेच्या दवात, पाला ओला असतानाच कापलं. तरी बांधाकडेला थोडं गळालंच. खळ्यावर बडवलं, उफणलं, आणि पाऊण पोतं भरलं. चार किलो बियाचं पाऊण पोतं! मी त्या पोत्यावर बसून चहा प्याले. इतका गोड चहा मी जन्मात प्याले नव्हते.

आता राहिलं होतं पीठ. आणि इथंच माझं पार हसं झालं.

आमच्याकडं उपासाचं दळण ही साधी गोष्ट नाही. गिरणीत कायम ज्वारी-गहू चालतात, दगडात पीठ अडकून राहतं. त्यावर भगर दळली की उपासात धान्य आलंच. म्हणून शिवरातीआधीचे तीन दिवस गिरणीवाले चाचा रोज सकाळी गिरणी धुऊनपुसून घेतात, ब्रशनं कानाकोपऱ्यातलं पीठ काढतात, पहिली मूठभर भगर दळून कोंबड्यांना टाकतात आणि मग हाळी देतात, "आवो, उपासवाले आवो!" चाचा मुसलमान, पण एकादशी-चतुर्थीच्या तारखा त्यांना पाठ आहेत. त्या सकाळी बायका डबे घेऊन रांग लावतात. तिथं कुणाच्या डब्यात काय आहे ते सगळं गाव बघतं.

मी मुद्दाम पहिली गेले. पदर खोचून, डबा डोक्यावर, ताठ मानेनं. माझ्या मागं माझ्या जाऊबाई, थोरल्या दिरांची बायको, दोन किलो भगर घेऊन. आमच्या चुली वेगळ्या, सणाची पंगत मात्र एकच. जाऊबाईंचं माहेर उदगीरचं. बोलताना मधेच कानडी येतं आणि चिडल्या की सगळंच कानडी होतं.

चाचांनी डब्यात बघितलं. "भाभी, ये क्या लाए?"

"कुट्टू. घाला तुम्ही."

घातलं. गिरणी घरघरली, कड्कड् आवाज आला आणि खालून पीठ पडलं. पीठ कसलं, चुलीतली राख! टरफलासकट सगळं दळून निघालं. काळं, करकरीत. चिमूट तोंडात टाकली तर दातात वाळू. बायका पुढं सरसावून बघायला लागल्या. एक म्हणाली, "दंतमंजन चांगलं होईल बाई." माझे कान तापले.

आणि तेवढ्यावर भागलं असतं तर! चाचा गडबडले, त्यांनी त्याच घाईत जाऊबाईंची भगर वर ओतली. त्यांचं पांढरंशुभ्र पीठ काळे ठिपके घेऊन बाहेर आलं. अख्ख्या दोन किलोंना तीळ लावल्यासारखं झालं.

"अय्यो शिवा!" जाऊबाई ओरडल्या. त्यापुढचं सगळं कानडी. मला कानडी येत नाही, पण कळलं सगळं. गिरणी परत धुवावी लागली, रांग दुपारपर्यंत खोळंबली, आणि मी माझ्या घरातली सगळी भगर नेऊन जाऊबाईंना दिली. म्हणजे शिवरातीला माझ्या घरी आता काहीच नव्हतं. होतं ते एक डबाभर काळं पीठ आणि पोत्यात उरलेला कुट्टू. संध्याकाळी दिरांनी आत्याबाईंकडं बघून एवढंच विचारलं, "आई, पाइप कधी आणू?"

त्या रात्री मी जेवले नाही. खोटं कशाला सांगू, मला दहा गुंठ्यांचं जेवढं दुःख होतं, त्याच्या दुप्पट त्या दंतमंजनाचं होतं. मालक म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या साली बघू." अहो, पुढच्या साली कुठलं? पुढच्या साली तिथं ऊस असणार होता आणि मी परत दुसऱ्यांचं ठरलेलं खुरपत असणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात सावली पडली. बघते तर जाऊबाई. हातात स्वतःचं सूप. मी उठून उभी राहिले, म्हटलं आता सुपानं मारतात की काय.

"दाणे कुठं हायत?" त्या म्हणाल्या.

मी पोतं दाखवलं. त्यांनी मूठभर घेतले, एक दाणा दाताखाली फोडला, टरफल थुंकून आतली कणी जिभेवर घोळवली.

"तू ह्याला ज्वारी समजलीस," त्या म्हणाल्या. "येडे, ही ज्वारी न्हाई. ह्याला वर आंगरखा हाय, तुरीसारखा. तुरीची डाळ करायला तू तूर थेट गिरणीत घालतीस का? आधी भरडतीस न्हवं? माझा बाप दाळमिलमधी कामाला व्हता. आंगरखा काढल्याशिवाय दाणा दळायचा न्हाई, हे मी झबलं घालत हुते तवापासून ठाव हाय."

वीस वर्षं ह्याच हातांनी तुरी भरडल्या की मी! पीठ म्हटलं की गिरणी, एवढंच डोक्यात. वर तूरडाळीच्या लातूर जिल्ह्यात राहायचं आणि भरडायचं विसरायचं! कपाळ माझं.

"पण तुम्ही कामून सांगून राहिलात मला?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ. "पट्टी गेली तर तुमच्याच घरात ऊस येणार की."

"ऊस ह्यांच्या घरात येतो," जाऊबाई म्हणाल्या. "रातच्या लायटीला पाणी द्यायला बॅटरी धरून मी जाते. आन दुसरं म्हणजे, चांगल्या दाण्याची आशी नासाडी मला बघवत न्हाई. आता बोलत बसू नको, जातं काढ."

माळ्यावरचं जातं खाली काढलं. दाणे आधी दुपारभर कडक उन्हात घातले. जाऊबाईंनी मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळली, म्हणजे वरचा दगड जरा उचलून राहतो आणि दाणा चिरडत नाही, नुसता फुटतो. मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. त्या फिरवायच्या, मी मूठमूठ दाणे वैरायची, मग उलट. सुपात घेऊन पाखडलं की काळी टरफलं भुरूभुरू उडायची आणि खाली राहायची फिकट पांढरी, जराशी हिरवट कणी. पहिलं सूप पाखडून झालं तेव्हा मी जाऊबाईंच्या गळ्यातच पडले. त्या म्हणाल्या, "सोड ग, अंगाला चिकटतंय सगळं." पण हसत होत्या. वीस वर्षांत आम्ही दोघी एकमेकींच्या कामावर अशा हसलो नव्हतो.

शिवरातीच्या आदल्या सकाळी मी परत गिरणीत गेले. ह्यावेळी रांगेत सगळ्यात शेवटी. चाचांनी डब्यात बघितलं, चिमटीत कणी घेतली. "ये बात!" म्हणाले. पीठ पांढरं पडलं, किंचित राखाडी, भाजल्या शेंगदाण्यासारखा वास. दंतमंजनवाली बाई तिथंच होती. मी तिच्यापुढं डबा धरला आणि म्हणाले, "घासा दात." तेवढं मला करायचंच होतं.

शिवरात आली. दिवसभर सगळे कडक. संध्याकाळी देवळातून आल्यावर आत्याबाईंनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली, बेल वाहिला आणि पाटावर येऊन बसल्या. पलीकडं दीर, त्यांच्या पलीकडं मालक. मी कुट्टूच्या पिठात उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि सैंधव घालून थालीपीठ थापलं. चिराही गेल्या नाहीत, तव्यावर तुपात खरपूस झालं. दह्याच्या वाटीसोबत आत्याबाईंच्या ताटात वाढलं.

आत्याबाईंनी तुकडा मोडला. तेवढ्यात दीर म्हणाले, "आई, बघ बाई. पीठ म्हणजे धान्य आलं. भाकरीसारखं थापलंय, भाकरीसारखं भाजलंय. तुझा उपास तुला ठाव."

आत्याबाईंनी तुकडा खाली ठेवला.

माझ्या डोक्यात सणक गेली. "आत्याबाई," मी म्हणाले, "त्यांना म्हणावं, साबुदाणा तर कारखान्यातनं पोत्यानं येतो, तो कुठल्या झाडाला लागतो हे त्यांना तरी ठाव हाय का? तो चालतो. आन आपल्या डोळ्यादेखत पिकलेलं चालत न्हाई?"

"तोंड आवर," आत्याबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "दाणे आण. न फोडलेले. आन झाड आण."

दाणे घरात होते. झाड कुठून आणायचं? सगळं कापून झालेलं. पण मालक उठले. "बांधाकडंला गळालेलं उगवलंय," ते म्हणाले, "पाटाच्या पाझराला. रोज जीपमधून बघतो मी." रोज बघत होते! आणि मला वाटायचं ह्यांना टायरच कळतं. जीप चालू केल्याचा आवाज आला. थालीपीठ गार होत राहिलं. जाऊबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

मालक आले ते मूठभर रोपं घेऊन. आत्याबाईंनी रोप दिव्याजवळ धरलं. लाल देठ बघितलं, पान उलटंपालटं केलं, तोडून वास घेतला, मग चक्क तोंडात टाकून चावलं. मग दाणा घेतला आणि नखानं त्याचे कोन मोजले. एक, दोन, तीन.

"आगं," त्या म्हणाल्या, "ही तर चुक्याच्या घरची हाय. आंबट चुका. पानाला तीच चव, जराशी. चुक्याच्या बियालाबी आसेच तीन कोन आसतात. बारीक आसतंय ते, येवढाच फरक." त्यांनी मान वर करून दिरांकडं बघितलं. "राजगिरा कशाचं बी हाय रं? माठाच्या जातीचं. पालेभाजीचं बी. त्याचं तू मघापासून दोन लाडू खाल्लंस. मग ह्यानं काय घोडं मारलंय?"

आत्याबाईंनी तुकडा उचलला, दह्यात बुडवला आणि खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. त्या सावकाश चावत होत्या, त्यांना दात थोडेच राहिलेत. दुसरा तुकडा. तिसरा. सगळं थालीपीठ संपलं. मग त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "गरम आसलं तर आणखी एक दे."

मालक मोठ्यानं हसले. जाऊबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पदर खांद्यावरून खाली आला. मी तव्याकडं पळाले. दुसरं वाढलं, तिसरं दिरांना वाढलं. त्यांनी ते खाल्लं, आणि चौथ्यालाही नको म्हणाले नाहीत.

खाऊन झाल्यावर आत्याबाईंनी हात धुतले आणि दिरांना म्हणाल्या, "दहा गुंठ्यांचं ठरलं ते ठरलं. आता माझ्या नावचा विहिरीकडचा तुकडा ऱ्हायला. त्यात तू पुढच्या साली काय लावणार हायस?"

"तू म्हणशील ते," दीर म्हणाले.

"मी न्हाई म्हणायची. तिला इचार. पेरायचं तिनं ठरवायचं." मग मी परातीशी उभी होते तिकडं वळून म्हणाल्या, "आन तू उभी का ऱ्हायलीस? ये, बस हितं."

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले. लग्न होऊन आल्यापासून त्या पंगतीला मी कायम वाढणारी, सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी खाणारी. आत्याबाई स्वतः उठल्या, गुडघ्यावर हात टेकत चुलीपर्यंत गेल्या आणि तव्यावरचं थालीपीठ उलथन्यानं काढून माझ्या ताटात वाढलं. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. पहिला घास घेतला आणि ढसाढसा रडले.

"तिखट झालंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, "लई ग्वाड झालंय."